तुर्कूचा बाजारचौक: एक रिकामी जागा आणि तिचे दावेदार

फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या तुर्कू शहरात मध्यवर्ती बाजारचौकाला काउप्पातोरी म्हणतात. नकाशावर तो अगदी साधा दिसतो. चार सरळ रस्ते आणि मध्ये दगडी फरसबंदीचा मोठा आयत. वायव्येला युलिओपिस्तोनकातू, आग्नेयेला एरिकिनकातू, ईशान्येला काउप्पियासकातू आणि नैर्ऋत्येला आउराकातू. आउराकातूवरून एका दिशेला उतरलं की आउरा नदी लागते. दुसऱ्या दिशेला पाहिलं तर रस्ता थेट पुओलाला टेकडीवर चढतो आणि टोकाला १९०४ साली बांधलेलं ग्रॅनाइटचं कलासंग्रहालय दिसतं.

तुर्कू हे फिनलंडमधलं सर्वांत जुनं शहर. मुळं तेराव्या शतकातली, पण हा चौक जेमतेम दोनशे वर्षांचा. त्याआधी शहराचा बाजार नदीच्या पलीकडे, कॅथेड्रलच्या पायथ्याशी भरत असे. बाजार इकडे का आला आणि आल्यावर त्या मोकळ्या जागेचं काय काय झालं, हे पाहणं नगररचनेत रस असणाऱ्याला उपयोगाचं आहे. कारण युरोपातले बहुतेक प्रसिद्ध चौक राजाच्या, चर्चच्या किंवा नगरसभेच्या दिमाखासाठी मोकळे ठेवलेले असतात. तुर्कूचा चौक मुख्यतः आगीच्या धाकाने मोकळा राहिला. धाक ओसरल्यावर त्या मोकळेपणाला वाली उरला नाही, आणि मग प्रत्येक पिढीने त्या जागेवर आपापला हक्क सांगितला. माझ्या मते या चौकाची खरी कहाणी ती.

पलीकडचा चौक

मध्ययुगात तुर्कूचं सगळं वजन आउराच्या पूर्व काठावर होतं. १३०० साली अभिषेक झालेलं कॅथेड्रल, त्याच्या लगतचा वान्हा सुउरतोरी म्हणजे जुना मोठा चौक, नगरसभागृह, व्यापाऱ्यांची घरं. स्वीडनच्या राज्यात फिनलंडचा कारभार जो काही होता तो बराचसा इथूनच चाले. १६४० मध्ये देशातलं पहिलं विद्यापीठही इथेच निघालं.

मग गाव एकेक गोष्ट गमावत गेलं. १८०८–०९ च्या युद्धानंतर फिनलंड रशियाच्या झारकडे गेला. पहिल्या अलेक्झांडरला स्टॉकहोमच्या इतक्या जवळची राजधानी नको होती. १८१२ मध्ये त्याने हेलसिंकीची निवड केली आणि काही वर्षांत सरकारी कचेऱ्याही तिकडे हलल्या. तरीही लोकसंख्येने तुर्कूच सर्वांत मोठं राहिलं. लाकडी घरं, अरुंद बोळ, अंगणात गुरांचा चारा आणि सरपण, असं जुन्या वळणाचं दाट गाव.

४ सप्टेंबर १८२७ च्या संध्याकाळी नदीच्या पश्चिम बाजूला, अनिनकाइनेन टेकडीवरच्या हेलमन नावाच्या नागरिकाच्या घरातून आग निघाली. उन्हाळा कोरडा गेला होता आणि वारा सुसाट होता. गावातली बरीच कर्ती माणसं तांपेरेच्या जत्रेला गेलेली. आगीने नदी ओलांडली, कॅथेड्रलचं छप्पर आणि आतलं सामान खाल्लं, घंटा वितळल्या. दुसऱ्या दिवशी गावाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग राख झालेला होता. २७ माणसं दगावली, सुमारे ११ हजार बेघर झाली. फिनलंडच्या मध्ययुगीन दप्तरांचा मोठा भाग याच रात्री गेला. त्या देशाच्या इतिहासकारांना आजही त्याची झळ बसते. पुढच्याच वर्षी विद्यापीठ हेलसिंकीला नेण्यात आलं.

म्हणजे नवा आराखडा करायला बसणाऱ्याच्या हाती आलं ते राजधानी नसलेलं, विद्यापीठ गेलेलं गाव. उरला होता व्यापार. नव्या शहराचा मध्य कॅथेड्रलपाशी न राहता बाजारपेठेत गेला, त्यामागे हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं. आराखड्यावरच्या लिखाणात आगीला जेवढी जागा मिळते, तेवढी या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांना मिळत नाही.

एंगेलचा नकाशा

काम गेलं कार्ल लुडविग एंगेलकडे. हा १७७८ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेला वास्तुकार. हेलसिंकीच्या सेनेट चौकाची उभारणी त्या वेळी त्याच्याच हाताखाली चालू होती. तुर्कू त्याला नवखं नव्हतं. १८१४–१५ च्या सुमारास तो इथे राहून गेला होता आणि वार्तिओवुओरी टेकडीवरची वेधशाळा त्याचीच. त्याचा नवा आराखडा १८२८ च्या डिसेंबरात मंजूर झाला.

हेलसिंकीत एंगेलने सत्तेचं नेपथ्य रचलं: पायऱ्या, खांब, घुमट. तुर्कूत त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. एका घराची आग दुसऱ्या घराला लागू नये. त्यासाठी त्याने जुन्या बोळांचा विचारच सोडून दिला आणि नदीच्या दोन्ही बाजूंना सरळ, रुंद रस्त्यांची जाळी टाकली. लाकडी घरं ठेंगणी, बहुतेक एकमजली, आणि एकमेकांपासून अंतरावर. भूखंडांच्या मध्ये रुंद पानांची झाडं, म्हणजे उडणाऱ्या ठिणग्या पानांत अडाव्यात. चौकाभोवती आणि मोक्याच्या जागी दगडी बांधकाम. या सगळ्या जाळीत पश्चिम काठावर एक मोठा चौकोन पूर्ण मोकळा सोडला. तोच आजचा काउप्पातोरी.

हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळात आगीविरुद्धचं सर्वांत भरवशाचं हत्यार म्हणजे अंतर. पंप होते, पण ते हाताने चालवायचे, आणि वारा सुटला की त्यांचा जोर संपे. चौक, रुंद रस्ता आणि झाडांची रांग हे तिन्ही एकाच कामाचे भाग होते. त्यात चौकाचा जादा फायदा असा की शेतकऱ्यांच्या गाड्या तिथे उभ्या राहू शकत.

ही जागा अर्थातच कोरी नव्हती. आगीच्या आदल्या दिवसापर्यंत तिथे अनिनकाइनेन भागातली दाट वस्ती होती. घरं, तळघरं, रस्ते. ते सगळं जळालं, ढिगारा सपाट झाला आणि वर चौक आला. खाली काय राहिलं ते नीट पाहण्याची वेळ १९० वर्षांनी आली. त्याकडे पुढे येतो.

आराखड्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. दगडी घर बांधणं श्रीमंत व्यापाऱ्याला जमे, सुताराला नाही. त्यामुळे चौकाभोवती पैसेवाले आले आणि हातावर पोट असणारे कडेला ढकलले गेले. याला एक उलटा अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. लुओस्तारिनमाकी ही कारागिरांची टेकडी आगीतून वाचली होती. नव्या आराखड्यात तीही मोडून सरळ करायची होती. पण तिथल्या लोकांकडे नवं घर बांधायला पैसे नव्हते आणि नगरपालिकेला फारशी घाई नव्हती, म्हणून ती जशीच्या तशी राहिली. १९४० पासून ती हस्तव्यवसायांचं संग्रहालय आहे. आगीपूर्वीचं तुर्कू कसं होतं हे पाहायचं तर तिथे जावं लागतं. आराखडा अर्धवट राहिला त्याचाच हा लाभ.

जुना मोठा चौक ओस पडला असंही झालं नाही. दर २४ डिसेंबरला दुपारी बारा वाजता तिथल्या ब्रिंक्काला वाड्याच्या सज्जातून नाताळच्या शांततेची घोषणा वाचली जाते आणि सगळा देश ती ऐकतो. सणवार तिकडे, भाजीपाला इकडे, अशी वाटणी होऊन बसली. तुर्कूकर 'नदीच्या या बाजूला' म्हणतात तेव्हा ती बहुधा बाजारचौकाची, पश्चिमेची बाजू असते. कॅथेड्रल 'त्या बाजूला'. पाचशे वर्षं मध्यभागी असलेल्या कॅथेड्रलवर ही पाळी यावी, यावरून एंगेलची रेघ किती खोल उमटली ते कळतं.

कडेला कोण आलं

चौकाचा मध्य मोकळा ठेवायचा म्हटल्यावर त्याच्या कडांना भाव आला. पहिला मोठा पाहुणा १८३९ चा: आउराकातू आणि एरिकिनकातूच्या कोपऱ्यावरचं स्वीडिश नाट्यगृह. फिनलंडमध्ये अजून चालू असलेलं हे सर्वांत जुनं नाट्यगृह. गावातल्या स्वीडिश बोलणाऱ्या व्यापारी वर्गाची ही आवड. त्यानंतर १८४० च्या दशकात युलिओपिस्तोनकातूवर, चौकाच्या वरच्या अंगाला, ऑर्थोडॉक्स चर्च उभं राहिलं. आराखडा एंगेलचाच, त्याच्या अखेरच्या कामांपैकी. जवळपास सगळं गाव ल्युथरन. त्यात घुमटाचं रशियन चर्च बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी. राज्य कोणाचं आहे हे सांगायला वेगळ्या पुतळ्याची गरज पडली नाही. चौक आगीसाठी आखलेला असला तरी झारने त्याच्यावर आपली मोहोर उठवून घेतली.

१८९६ मध्ये चौकाच्या खालच्या बाजूला, एरिकिनकातूपासून लिन्नानकातूपर्यंत पसरलेलं लाल विटांचं बाजारगृह झालं. वास्तुकार गुस्ताफ न्युस्त्रोम. हेलसिंकीतलं १८८९ चं जुनं बाजारगृहही त्याचंच, आणि टेकडीवरचं कलासंग्रहालयही. मांस आणि मासे उघड्यावर विकणं आरोग्याला बरं नाही, हा विचार तेव्हा युरोपभर पसरला होता, त्यातून ही बाजारगृहं निघाली. परिणाम असा की चौकावर उरला तो मुख्यतः ऋतूचा माल: नवे बटाटे, स्ट्रॉबेरी, फुलं, शरदात जंगलातल्या बेरी आणि अळंबी. उन्हाळ्यात शेंगांतला हिरवा वाटाणा इथे लिटरच्या मापाने विकतात, आणि लोक तो चालता चालता कच्चाच सोलून खातात. शेजारी कॉफी आणि तळलेला गोड मुन्क्की. फिनलंडचे राजकारणी निवडणुकीच्या दिवसांत मतदारांना गाठायला चौकात येतात ते या कॉफीच्याच आधाराने.

विसाव्या शतकात चौकाच्या कडेला विद्यापीठही आलं, जरी काही दशकांपुरतं. १९२० साली तुर्कू विद्यापीठ स्थापन झालं ते २२,०४० देणगीदारांच्या पैशातून. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून वर्ग भरू लागले ते चौकालगतच्या फिनिक्स या जुन्या हॉटेलच्या इमारतीत. १८२७ च्या आगीनंतर गावाने गमावलेलं विद्यापीठ जवळजवळ शंभर वर्षांनी परत आलं, तेही नेमकं भाजीबाजाराच्या काठावर. १९५० च्या दशकात विद्यापीठ टेकडीवरच्या नव्या जागेत गेलं आणि १९५९ मध्ये फिनिक्स पाडण्यात आलं.

ते पाडणं एकटंदुकटं नव्हतं. १९५० ते ७० च्या दरम्यान तुर्कूच्या मध्यभागातली एंगेलच्या काळातली ठेंगणी घरं भराभर पाडून तिथे काँक्रीटच्या बहुमजली इमारती आल्या. नगरपालिकेतले पुढारी आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या साटेलोट्यामुळे हे घडलं असा बोभाटा इतका झाला की या प्रकाराला फिनलंडभर 'तुर्कूचा रोग' हेच नाव पडलं. त्यात एंगेलच्या आराखड्याचं नेमकं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. रस्ते तेच राहिले, चौक तोच राहिला, पण आगीचं कारण उरलं नसल्याने मधल्या मोकळ्या अंतरांवर आणि झाडांवर सर्वांत आधी गदा आली. घरं उंच झाली, चौक त्यांच्या मानाने लहान वाटू लागला. नाट्यगृह, चर्च आणि काउप्पियासकातूवरच्या हांबुर्गर ब्योर्स हॉटेलची १९०९ ची जुनी इमारत एवढेच काय ते मागे राहिले.

चाकांचा ताबा

तुर्कूत घोड्यांची ट्राम १८९० मध्ये सुरू झाली, हेलसिंकीच्याही आधी. ती लवकरच बंद पडली. १९०८ मध्ये विजेची आली आणि चौक तिचा केंद्रबिंदू झाला. १९७२ मध्ये शेवटची ट्रामही गेली. मोटारींच्या भरात घेतलेला तो निर्णय आज शहरात फार कमी लोकांना पटतो. पुढची काही दशकं चौकाच्या चारही कडा बसगाड्यांनी भरलेल्या असत. शहरातल्या जवळजवळ सगळ्या बसमार्गांची गाठ इथे. प्रवाशाला सोयीचं खरं, पण बाजाराला सगळीकडून बसची भिंत.

दरम्यान शहराबाहेर मोठी व्यापारसंकुलं आली. शेजारच्या राइसिओत २००१ साली म्युल्लू, तुर्कूच्याच हद्दीत २००९ साली स्कान्स्सी. तिथे पार्किंग फुकट आणि मुबलक. मध्यभागातले दुकानदार धास्तावले आणि जुनी कल्पना पुन्हा जोरात पुढे आली: चौकाखाली वाहनतळ. वर बाजार, खाली गाड्या, दोघांचंही भागेल.

यावर शहर वर्षानुवर्षं भांडलं. निवडणुकांचे पक्ष त्यावरून ठरले, खटले देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेले. विरोधकांचे मुद्दे नुसते भावनिक नव्हते. तुर्कूचा नदीकाठ खोल चिकणमातीवर आहे आणि जुन्या इमारती लाकडी खांबांच्या पायावर उभ्या आहेत. असे खांब पाण्याखाली बुडालेले असेपर्यंत शतकानुशतकं टिकतात. भूजलाची पातळी खाली गेली, हवा लागली, की कुजायला लागतात. अशा जमिनीत भलामोठा खड्डा खणला की भोवतीची माती आत सरकू पाहते आणि पाणी उपसावं लागतं. चौकाच्या कडेला कोण उभं आहे? १८३९ चं नाट्यगृह आणि १८४० च्या दशकातलं चर्च. शिवाय पाच मिनिटांच्या अंतरावर पुओलाला टेकडी आहे, तिच्या पक्क्या खडकात कोरलेलं वाहनतळ आधीपासूनच होतं. खडक सोडून चिखलात का उतरायचं, हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

समर्थकांचं म्हणणं असं की चौक नाही तरी मरगळलेला आहे, फरशी उखडलेली आहे, थंडीत तिथे कोणी थांबत नाही. दुरुस्ती करायचीच आहे तर एकदाच नीट करू. शेवटी त्यांची बाजू सरस ठरली.

काम सुरू व्हायच्या आदल्या वर्षी चौकावर वेगळंच संकट कोसळलं. १८ ऑगस्ट २०१७ च्या दुपारी एका तरुणाने बाजारचौकात आणि जवळच्या पुउतोरी या दुसऱ्या चौकात चाकूहल्ला केला. दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, आठ जण जखमी झाले. फिनलंडच्या न्यायालयाने दहशतवादी खून ठरवलेला हा पहिलाच गुन्हा. नंतरचे कित्येक दिवस लोक चौकात फुलं आणि मेणबत्त्या ठेवत राहिले. वाहनतळाच्या वादात चौकाकडे दुकानदारांची जागा किंवा वाहतुकीची जागा म्हणून पाहायची सवय लागली होती. गावावर वेळ आली तेव्हा माणसं आपोआप तिथेच जमली.

२०१८ मध्ये खोदाई सुरू झाली आणि पहिले उतरले ते पुरातत्त्वज्ञ. फरशीखाली १८२७ मध्ये जळालेलं गाव होतं: घरांचे पाये, जुन्या रस्त्यांचे थर, रोजच्या वापरातल्या वस्तू. एंगेलने ज्याच्यावर रेघ मारली ते अनिनकाइनेन जमिनीत शाबूत राहिलं होतं, कारण वर काही बांधलं गेलं नव्हतं. चौक मोकळा राहिल्याने गावाचं एक दप्तरच नकळत जपलं गेलं होतं. ते नोंदवून, मोजून, उचलून नेण्यात आलं, आणि मग ती जागा कायमची गेली. उत्खनन म्हणजे शास्त्रशुद्ध रीतीने केलेला नाशच असतो. बांधकामाच्या ताळेबंदात हा खर्च कुठेच दिसत नाही.

वाहनतळ २०२० च्या अखेरीस उघडलं, सुमारे ६०० गाड्यांचं. वरचा चौक पूर्ण व्हायला आणखी वेळ लागला, तो २०२२ पर्यंत. मधल्या काळात विक्रेते कडेला सरकले, बसथांबे आजूबाजूच्या रस्त्यांवर विखुरले आणि लगतच्या दुकानांचे हाल झाले. त्यात महामारीची भर. ज्या दुकानदारांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यापैकी काहींना तो पूर्ण झालेला पाहता आला नसेल, तर नवल नाही.

झालेल्या कामात एक गोष्ट मात्र डोकेबाज आहे. उन्हाळ्यात फरशीला मिळणारी उष्णता गोळा करून खालच्या चिकणमातीत साठवायची आणि हिवाळ्यात तीच वर आणून बर्फ वितळवायचं, अशी योजना चौकात केली आहे. ज्या मातीचा सर्वांनी धसका घेतला होता, तिचाच कोठार म्हणून उपयोग. बर्फ न साचणारा चौक म्हणजे म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यातही बाजारात येता येणं. वाहनतळापेक्षा ही सोय जास्त काळ टिकेल असा माझा अंदाज आहे. वर 'मोनितोरी' नावाची एक छोटी बहुउद्देशीय इमारतही आली आहे. कार्यक्रमांना ती बरी, पण एंगेलने मोकळ्या सोडलेल्या पटावर आणखी एक कायमची सोंगटी बसली, हेही खरं.

एंगेलने ठेवलेल्या अंतराला एक स्पष्ट कारण होतं. ते कारण सगळ्यांना पटलेलं होतं, कारण सगळ्यांनी आग पाहिली होती. नंतरच्या कुठल्याही दाव्याला इतकं एकमत लाभलं नाही. बसवाल्यांचा दावा सोयीचा होता, दुकानदारांचा पोटाचा, विरोधकांचा जुन्या भिंतींचा. 'ही जागा मोकळीच राहू द्या' एवढंच म्हणणारा पक्ष मात्र सर्वांत दुबळा ठरला, कारण मोकळ्या जागेची कमाई कुठल्याच हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही.

पुढचा दावा रांगेत उभा आहेच. बंदरापासून पूर्वेकडच्या वारिस्सुओपर्यंत ट्राम पुन्हा आणण्याची तयारी शहरात चालू आहे आणि तिची वाट बाजारचौकालगत जाते. १९७२ मध्ये उखडलेले रूळ पुन्हा टाकायचे झाले तर या वेळी चौकाच्या पोटात गाड्यांचं तळघर आहे, भोवतीचे जुने पाये तेच आहेत आणि चिकणमातीही तीच आहे. त्यामुळे बसथांब्यांची नवी मांडणी आणि रुळांचं वजन हे दोन्ही प्रश्न अभियंत्यांना एकत्रच सोडवावे लागतील.